तिसरा क्षय

निळी रेघ डावीकडून उजवीकडे थोडी चढत, थोडी उतरत चालली होती, आणि एकाएकी ती पडली. लॅपटॉपच्या पडद्याच्या तळाशी जी आडवी रेषा होती तिला जाऊन टेकली आणि लगेच, काही घडलेच नाही अशा रीतीने, पुन्हा वर येऊन आपल्या वाटेने चालू लागली. वैजनाथशास्त्र्यांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. रेघ एकदा नव्हे, तीनदा पडली होती. तळाच्या रेषेपाशी डाव्या कडेला शून्य लिहिलेले होते. निळी रेघ म्हणजे द्वारकेची सकाळची साखर, असे मुलीने, रुपालीने, नुकतेच सांगितले होते. आणि रक्तातली साखर शून्य होणे म्हणजे काय, हे विचारण्यासाठी कोणा वैद्याकडे जाण्याची आवश्यकता नव्हती. त्यांनी मान वळवून खाटेकडे पाहिले. द्वारकाबाई भिंतीला पाठ टेकून, मांडीवर सूप घेऊन मटार सोलत होत्या. डोळे समोरच्या भिंतीवर, म्हणजे कुठेच नाहीत. बोटे मात्र शेंगेच्या शिवणीवर अचूक. एक दाणा उडून चादरीवर पडला, तो त्यांनी आवाजाच्या अनुरोधाने शोधून परत सुपात टाकला. तरीही शास्त्र्यांच्या छातीत जे एकदा हलले होते ते जागेवर येईना. ही बाई तीन वेळा गेली आणि तीन वेळा उठून बसली, आणि हे आपल्याच साखरेच्या नोंदवहीवरून सिद्ध झाले आहे, असे काहीसे त्यांच्या मनात आले. असे मनात यावे, याचीही त्यांना भीती वाटली.

“दचकू नका हो बाबा,” रुपाली म्हणाली. “अजून नुसता गुंता आहे. सकाळची निळी, संध्याकाळची तांबडी, तीन महिने एकमेकांत अडकलेत. उद्या डॉक्टरांपुढे हे ठेवलं तर म्हणतील, लोकरीचं भेंडोळं कशाला आणलंत. थांबा, रेघा टाकते, मग नीट वाचता येईल.”

“आणखी रेघा?”

“वाचायला सोपं जावं म्हणून.”

“रेघांनी गुंता झाला, तो सोडवायला आणखी रेघा,” द्वारकाबाई खाटेवरून म्हणाल्या. “एवढ्यासाठी लोक हिंजवडीपर्यंत नोकरीला जातात.”

रुपाली हसली. ती कात्रजहून दर रविवारी कसब्यातल्या या दोन खोल्यांत येई, आईची औषधे लावून देई आणि जेवून परत जाई. पण गेल्या महिन्यात तिने एकाच पातेल्यातल्या दुधाला वडिलांनी दोनदा विरजण लावलेले पाहिले होते, आणि त्या दिवसापासून तिच्या बोलण्यात एक जपून टाकलेले पाऊल आले होते. सकाळी एक नर्स येईल, इंजेक्शन देऊन जाईल, पाच मिनिटांचे काम, असे ती म्हणाली होती. शास्त्र्यांना ते शब्द कोणी देवघरात जोडे घालून यावे तसे लागले. द्वारकेची दृष्टी गेली त्या वर्षापासून, म्हणजे अकरा वर्षे, पहाटे स्नान करून, तिच्या बोटाला सुई टोचून साखर मोजणे, इन्सुलिनच्या पेनाची चकती अठरा घरे फिरवणे आणि तिच्या पोटाची त्वचा चिमटीत धरून औषध देणे, हे त्यांचे प्रातःकर्म होते. त्यानंतरच संध्येचे पळीपंचपात्र उचलायचे. “अकरा वर्षांत एक दिवस चुकलो असेन तर दाखव,” असे ते म्हणाले होते. “तुम्हीच दाखवा,” रुपाली म्हणाली होती, “वही द्या.” मागच्या रविवारी दुपारी तिने वहीच्या पानांचे फोटो काढून नेले, आठवडाभर आकडे भरले, आणि आज ही आकृती घेऊन ती आली होती. आकृती निर्दोष निघाली तर पेन शास्त्र्यांच्या हाती राहणार होते. नाही निघाली तर उद्यापासून नर्स.

तिने कुठेतरी बोट टेकवले आणि प्रत्येक ठिपक्यापासून तळापर्यंत एकेक बारीक उभी रेघ सुटली. ठिपका वर लटकतो, दिवस खाली असतो, ही रेघ दोघांना जोडते, असे तिने सांगितले. लंब, शास्त्र्यांच्या मनात शब्द उमटला, आणि शब्द उमटल्याने किंचित धीर आला. ज्याला नाव आहे त्याचे भय अर्धे असते, असे त्यांचे गुरुजी म्हणत. मग तिने सकाळ आणि संध्याकाळ यांच्यामध्ये रुंद पट्ट्या बसवल्या. संध्याकाळची साखर चढलेली असेल तर पांढरी पट्टी, उतरलेली असेल तर काळी. बार म्हणतात याला, बाबा. दंड, त्यांचे मन म्हणाले. ओळ संपली की उभा करायचा तो दंड, आणि अपराध्याला होतो तोही दंडच. पांढऱ्या दंडांची एक लांब पंक्ती, मध्ये कुठेकुठे एखादा काळा. गुंता खरोखरच सुटला होता. तीन महिन्यांतला एकेक दिवस सुटा, उभा, स्वतःच्या पायांवर. आणि म्हणूनच त्या तीन जागा आता अधिक भयंकर दिसू लागल्या. कारण तिथे लंबही नव्हता आणि दंडही नव्हता. जो ठिपका जमिनीवरच पडला आहे त्याला जमिनीपर्यंत कोणती रेघ जोडणार? जबड्यातले दात पडावेत तशा तीन फटी.

फटी मोजता मोजता त्यांची नजर खालच्या अक्षरांवर गेली. रुपालीने त्यांच्या तिथ्या जशाच्या तशा उतरवल्या होत्या.

“थांब. ही पहिली कोणती? कार्तिक वद्य चतुर्थी ना?”

“हो.”

“आणि दुसरी मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी?”

“हो, पण त्याचं काय—”

“अगं, क्षय!” ते जवळजवळ ओरडले आणि त्यांना हसू फुटले. “त्या क्षयतिथी आहेत! तू तिथे काय लिहिलंस?”

“वहीत होतं ते. क्षय. मी म्हटलं, बाबांचं काहीतरी असेल.” रुपालीने कपाळाला हात लावला. “आकड्याच्या घरात अक्षर आलं की हा शून्य धरतो. माझ्या लक्षातच आलं नाही.”

शास्त्र्यांनी तिला वही उघडून दाखवली. प्रत्येक पंधरवड्याचे एक पान, त्यावर आधीच आखलेल्या पंधरा ओळी, प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत, नाहीतर अमावास्येपर्यंत. कधी एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होते आणि दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपते. तिला सूर्य पाहायला मिळत नाही, म्हणून तिला दिवसही मिळत नाही. ओळ आखलेली असते, दिवस येतच नाही. त्या ओळीत ते क्षय लिहीत. जो दिवस नव्हताच त्या दिवशी साखर कोणाची मोजणार?

“म्हणजे यंत्राला पंचांग कळत नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या. पण त्यांची बोटे थांबली होती, हे शास्त्र्यांच्या ध्यानात आले. का, हे आले नाही.

रुपालीने भिंतीवरची दिनदर्शिका आणि तिच्यामागची गेल्या वर्षाची उतरवून पाने उलटली. चतुर्थी, खरेच, क्षय. त्रयोदशी, क्षय. तिने ती दोन घरे रिकामी केली, आणि रेघ त्या दोन खड्ड्यांवरून पूल टाकल्यासारखी निघून गेली. मग ती तिसऱ्यापाशी आली. हा आकृतीच्या उजव्या टोकाला होता, शेवटून दुसरा. पौष वद्य नवमी. तिने बोट ठेवून पाहिले, पुढचे पान पाहिले, परत मागे आली.

“बाबा, इथे तर साधी नवमी आहे. शनिवार. मागच्याच्या मागचा नाही, मागचाच. मी वहीचे फोटो काढले त्याच्या आदल्या दिवशीचा.”

“पंचांगभेद असेल,” शास्त्री म्हणाले.

ते शब्द इतक्या सहज आले की शास्त्री स्वतःच त्या शब्दांकडे चकित होऊन पाहत राहिले. दोन पंचांगांचे गणित थोडे निराळे असते, एकात तिथी टिकते, दुसऱ्यात गळते, वाद होतात, सण मागेपुढे होतात. हे सारे खरे होते आणि या पुण्यात ते कोणीही मान्य केले असते. रुपालीनेही केले. “तुम्ही म्हणता तर असेल. माझं त्यातलं ज्ञान शून्य.” ती उठली, पायांत चपला सरकवल्या. “खालून सुया आणि दूध घेऊन येते. आले की तिसराही काढून टाकते. उद्या डॉक्टरांना स्वच्छ चार्ट, आणि नर्सचा विषय बंद. खूश?” जिन्यावर तिची पावले वाजत गेली.

पलीकडच्या आळीत तांबटांचे ठोके चालू होते, रविवार असूनही. एकसारखे, मोजून दिल्यासारखे. शास्त्र्यांनी कपाटातून आपले पंचांग काढले आणि पौष वद्य पक्षाचे पान उघडले, वास्तविक त्याची काही गरज नसताना. कारण प्रत्येक पंधरवडा सुरू होण्याआधी ते पान त्यांच्या मुखी असे. नवमी होती. शनिवारी सूर्योदयाला होती, पुढे बराच वेळ होती. भेद नव्हता. भेद असण्याइतके अंतरही नव्हते. आणि वहीत त्या नवमीपुढे, त्यांच्याच हातचे, ठसठशीत, शिरोरेषा सरळ असलेले क्षय. अक्षर कापले नव्हते. कापले असते तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले. त्यांनी शनिवार आठवून पाहिला. शुक्रवार होता, शुक्रवारी कोथिंबीर निवडली होती. रविवार होता; रविवारी रुपाली आली, तिने फोटो काढता काढता वही पाहिली आणि म्हणाली, “आई, आज सकाळी दोनशे एक्याण्णव? संक्रांत कधीच झाली की.” “तिळगूळ उरला होता, टाकवेना,” असे द्वारका म्हणाली आणि सगळे हसले होते. शुक्रवार आणि रविवार यांच्यामध्ये काय होते? काही नव्हते. अंधारसुद्धा नव्हता; अंधार असता तर तो आठवला असता. कोथिंबिरीच्या वासाला थेट रविवारचे हसू चिकटले होते, सांधा दिसू नये इतक्या सफाईने.

तो सांधा त्यांना ओळखीचा होता. चाळीस वर्षे त्यांनी पोथ्यांचे पाठ जुळवले होते. लिहिणारा एका शब्दापाशी मान वर करतो, पुन्हा पोथीकडे पाहतो तेव्हा त्याची नजर तोच शब्द पुढच्या ओळीत पाहते, आणि मधली ओळ जगातून नाहीशी होते. लिहिणाऱ्याला कळत नाही. त्याच्या लेखी काही गळलेलेच नसते. अशा जागा शास्त्री इतरांच्या हातच्या पानांत अचूक हेरत, आणि तिथे पेन्सिलीने काकपद काढत. कावळ्याच्या पायासारखी ती बारीक खूण, की इथे काही होते, समासात पाहा. त्यांना त्या लेखकूंचे हसू येई. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा गावी तेलाच्या दिव्यापाशी बसलेला कोणी एक, आपल्या हातून ओळ निसटली याचा पत्ता नसलेला, शांतपणे पुढे लिहीत जाणारा. आता त्यांना त्याचा चेहरा दिसला, आणि तो ओळखीचा होता.

पडद्यावर तिसऱ्या फटीला लागूनच सबंध आकृतीतला सर्वांत उंच लंब उभा होता. दोनशे एक्याण्णव. खऱ्या दोन क्षयांच्या आजूबाजूचे दिवस सपाट होते, शेजाऱ्याला काही झाले आहे याचा त्यांना सुगावाही नव्हता. इथे मात्र खड्डा आणि लगेच डोंगर. रेघा नसत्या तर हे त्या गुंत्यात कधीच दिसले नसते. वाचायला सोपे जावे म्हणून. त्यांना वाटले, आपण हे वाचायला शिकलो नसतो तर. नर्स, पेन, उद्याचा डॉक्टर, हे सारे कुठेतरी दूर गेले, आणि एकच प्रश्न जवळ, कानाशी येऊन बसला, की त्या दिवशी या हातांनी काय केले. हात मांडीवर होते. त्यांनी त्यांच्याकडे पाहिले, जसे पाहुण्याकडे पाहावे.

पाहता पाहता नजर जमिनीवर उतरली. दाराच्या चौकटीपासून खाटेच्या पायापर्यंत मुंग्यांची एक रेघ चालली होती. आठ दिवस झाले, ते रोज तिच्यावर हळद टाकत होते आणि ती रोज हळदीला वळसा घालून पुन्हा तिथेच जात होती. ते उठले. रेघेबरोबर चालत गेले. ती खाटेच्या पायावर चढली, चादरीच्या काठाने गेली आणि द्वारकेच्या उशीखाली शिरली. त्यांनी उशी उचलली. रुमालाची एक गाठोडी होती. सोडली, तर आत गुळाचे चार खडे आणि तिळाच्या तीन वड्या, एकीचा कोपरा दातांनी तोडलेला.

“हे काय?”

“सापडलं का,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मुंग्यांना आठ दिवसांमागेच सापडलं.”

“द्वारका, शनिवारी काय झालं?”

त्यांनी सूप बाजूला ठेवले. पदराला बोटे पुसली, एकेक. “आधी खाली बसा.”

ते बसले.

“सकाळी तुम्ही पेन आणलंत. अठरा टिकटिक झाल्या, मी मोजते नेहमी. टोचलंत. मी पोहे खाल्ले. तुम्ही बशी आत ठेवून आलात, आणि पुन्हा टिकटिक. अठरा. मी म्हटलं, अहो, झालंय. तर म्हणालात, काहीतरीच काय, अजून माझं स्नान व्हायचंय. तुमचे केस तर ओले लागत होते हाताला. मी मनगट धरून ठेवलं तुमचं. तुम्ही ओरडलात.”

“मी?”

“संसारात पहिल्यांदा. तो आवाज तुमचा नव्हता. मला दिसत नाही ना, मला वाटलं घरात दुसरंच कोणी आहे. मी घाबरले आणि हात सोडला.”

तांबटांचे ठोके थांबले होते की त्यांना ऐकू येत नव्हते, हे शास्त्र्यांना समजेना.

“मग घामाने पातळ भिजलं. हात थरथरायला लागले. भिंतीला धरून डब्यापर्यंत गेले आणि दुपारभर गूळ खात बसले. झोप येत होती, झोपायचं नाही एवढं कळत होतं, म्हणून तांबटांचे ठोके मोजत होते. तुम्ही शेजारीच होतात. पाठ म्हणत होतात. एक अक्षर चुकलं नाही. इतका सुंदर म्हणत होतात की मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.”

“आणि वही?”

“संध्याकाळी घेतलीत. मला विचारलंत, आज किती होती गं. मी म्हटलं, आठवत नाही. तर म्हणालात, मग आज क्षय असणार.”

“रुपाली दुसऱ्या दिवशी इथे बसली होती. तिला का नाही सांगितलंस?”

“तिने पेन नेलं असतं.”

“न्यायलाच हवं होतं!”

“मग तुम्ही पहाटे कशासाठी उठला असतात?” त्या म्हणाल्या. “खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं नग तपासले मी. केसभर फरक असला तरी तांबडी फुली मारून बाजूला टाकायची. तुमच्यासारखा नग तर टेबलावर ठेवला नसता.”

“मग?”

“तेव्हा डोळे होते. आणि तो नग रोज माझी वेणी घालत नव्हता.” मग, अगदी हलक्या आवाजात, “पण आठ दिवस टिकटिक सुरू झाली की माझा जीव जातो हो. अठरा होऊन थांबेपर्यंत. आणि मग दिवसभर, पुन्हा सुरू होते का म्हणून.”

जिन्यावर पावले वाजली. शास्त्र्यांच्या हातात रुमाल होता. तो लपवावा असे त्यांना वाटले, आणि कुठे लपवावा हे सुचायच्या आतच रुपाली दारात आली. तिने दूध आत ठेवले, सुयांची डबी फडताळात ठेवली आणि येऊन लॅपटॉपपुढे बसली. तिसऱ्या घरात क्षय हा शब्द होता, आणि त्याच्याभोवती हिरवी चौकट.

“काढू ना बाबा? एक बटण दाबायचं, की झालं.”

एक बटण. रेघ या खड्ड्यावरूनही पूल टाकून निघून जाईल. उद्या डॉक्टर मान डोलावतील. परवा पहाटे स्नान, आणि अठरा. द्वारका खाटेवर अगदी स्थिर बसली होती, श्वास धरून बसावे तशी. ती आपल्या वतीने गप्प राहणार आहे हे शास्त्र्यांना स्पष्ट दिसले. ते सर्वांत जास्त भीतिदायक होते.

“काढू नकोस,” ते म्हणाले. “तिथे शून्य बरोबर आहे.”

“पण पंचांगभेद—”

“पंचांगभेद नाही. तिथी होती. दिवस होता. मी नव्हतो.”

रुपालीने प्रथम त्यांच्याकडे पाहिले, मग रुमालाकडे, मग आईकडे. शास्त्र्यांनी फडताळातून पेन काढले आणि तिच्या तळहातावर ठेवले. ते इतके हलके आहे हे त्यांना कधी जाणवले नव्हते. मग त्यांनी वही पुढे ओढली, पेन्सिल घेतली, आणि पौष वद्य नवमीच्या ओळीत, क्षय या शब्दाच्या खाली, काकपद काढले. सवयीचे काम. गळलेला मजकूर समासात लिहायचा असतो. पेन्सिलीचे टोक समासाच्या कोऱ्या जागेवर टेकले आणि तिथेच राहिले.

“लिहा,” द्वारकाबाई म्हणाल्या. “सकाळी अठरा. पुन्हा अठरा. गूळ.”

त्यांनी लिहिले. शिरोरेषा दिल्या. वही मिटताना त्यांचा हात मध्येच थांबला. बाहेर ऊन खिडकीच्या गजांवरून आत आले होते, जमिनीवर उभे पट्टे पडले होते, एक पांढरा, एक काळा. सकाळ होऊन गेली होती, हे त्यावरून कळत होते. सकाळ कशी गेली हे कळत नव्हते.

“द्वारका,” त्यांनी विचारले, “आजचं दिलं ना मी?”

“दिलंत.”

“एकदाच?”

“एकदाच.”

त्यांनी तिचा शब्द मानला. दुसरे प्रमाण त्यांच्यापाशी आता काही नव्हते.